सात सीटची गाडी

पहिल्याच विचारण्याला मी 'बरं' म्हणालो, असं आयुष्यात एकदाच झालं. दोन हजार सहा साली, जर्मनीत, दहा वर्षांच्या पोरीला. ती माझी नात. तेच सांगतो. मध्ये बोलू नका, नाहीतर मी स्वतःला बरं दिसेल असं सांगत सुटेन.

मी आत्माराम. चौथी शिकलो, तीही दोनदा. खडकीच्या बाजूला एक रायडिंग स्कूल होतं, तिथं छत्तीस वर्षं मोतद्दार. मोतद्दार म्हणजे घोड्याची आई समजा. चंदी घालायची, पाणी दाखवायचं, खरारा करायचा, लीद काढायची, आणि साहेब लोक बसून उतरले की घोड्याची माफी मागायची. माझ्या हातून बावीस जनावरं म्हातारी झाली.

पोरगा हरीश मात्र शिकला. इंजिनियर झाला, जर्मनीत श्टुटगार्टला गेला. तिथं त्सुफेनहाउझेन म्हणून भाग आहे, तिथं घर. बायको सुरेखा, मुलगी ईप्सिता. मी आणि आमची यमुना तीन महिन्यांच्या व्हिसावर गेलो. तो फुटबॉलच्या वर्ल्ड कपचा उन्हाळा. गाडी गाडीला झेंडे. मी यमुनेला म्हणालो, "बघ, आपलं स्वागत." ती म्हणाली, "गप बसा, लोक बघतायत."

ईप्सिताला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्ये. मी मराठीत विचारायचो, ती जर्मनमध्ये सांगायची, दोघांचं व्यवस्थित चालायचं. घोड्यांना तरी कुठं मराठी यायचं.

त्यांच्याकडं एक पद्धत आहे. दारावर पाटी अडकवतात. ज्याच्या दारावर पाटी, त्यानं आठवडाभर जिना झाडायचा. केरवोखं म्हणतात. हरीशची पाळी आली की झाडू मी घ्यायचो. हात रिकामे राहिले की मला आजारी वाटतं. मी झाडायचो, ईप्सिता वरच्या पायरीवर बसायची, आणि मी तिला घोडे सांगायचो. तिला सगळ्यात आवडायची मलिका. मलिका म्हणजे आमची तांबडी घोडी. तिला पाणी दाखवलं की तोंड फिरवायची. मी बादली पाऊलभर मागं घ्यायचो, परत दाखवायचो. परत तोंड फिरवायची. तिसऱ्यांदा दाखवली की मग पूर्ण बादली एका दमात.

"वारूम?" ईप्सितानं विचारलं. म्हणजे का.

"मानाची होती. पहिल्या खेपेला घेतलं तर हावरी म्हणतील ना लोक."

पोरगी पायरीवर लोळून हसली. मग आमचा तो खेळच झाला. मी बिस्किट पुढं करायचो. ती नाक वर करून म्हणायची, "नको." मी, "घे ग." ती, "नको." मी, "माझ्यासाठी घे." मग झडप. कधी ती द्यायची आणि मी नको म्हणायचो. तीनदा झाल्याशिवाय घ्यायचं नाही, हा नियम. नियम मीच शिकवला, हे लक्षात ठेवा.

एक दिवस तिनं मला ओढत कॉम्प्युटरपाशी नेलं. फ्रान्समध्ये इतिहासाचं एक मोठं पार्क आहे. नाव मला अजून घेता येत नाही. आपल्यासारखं किल्ल्याला पाटी लावून मोकळे नाही होत ते. अख्खं रोमचं मैदान बांधलंय, त्यात रथ पळतात, चाचे बोटी घेऊन येतात, डोक्यावरून गरुड उडतात. रथाला चार चार घोडे, एका ओळीत. आणि एक बाई दोन घोड्यांच्या पाठीवर एक एक पाय ठेवून उभी, घोडे भरधाव. मी खुर्चीला धरलं. दोन घोडे एका चालीत आणायला काय लागतं ते मला विचारा. वर्ष लागतं. माणूस झिजतो.

"मला हे बघायचंय," मी म्हणालो.

"गेनाऊ!" अगदी बरोबर, असं जर्मनमध्ये ओरडून पोरगी बापाकडं पळाली. म्हणजे ही सगळी टूम निघाली ती माझ्यामुळं. हे पुढं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

रविवारी प्लॅनिंगची मीटिंग. हो, मीटिंगच. रेगेन्सबर्गहून हरीशचा मित्र प्रसन्न आला, त्याची बायको ऊर्मिला, सहा वर्षांचा मुलगा ध्रुव. टेबलावर कांदेपोहे आणि मध्यभागी लॅपटॉप, देव मांडल्यासारखा. हरीशनं तक्ता उघडला. एका बाजूला माणसं, एका बाजूला दिवस. कोण किती वाजता उठणार, कुठं थांबणार, कोणता खेळ किती वाजता, दोन खेळांमध्ये चालायला किती मिनिटं. यमुनेच्या नावापुढं लिहिलं, दशम्या चाळीस, शेंगदाण्याची चटणी, ध्रुवला सांभाळणे.

"आईंना त्रास नको हो," ऊर्मिला म्हणाली.

"त्रास कसला," यमुना म्हणाली. तिला घोड्यांचा वासही सहन होत नाही. संसार छत्तीस वर्षं मला दारात अंघोळ घालून केला तिनं. पण तिचं नाव तक्त्यात पक्कं, कारण तिचं काम होतं.

मग हरीश माझ्याकडं वळला. "बाबा, तुमचं काय? हजार किलोमीटर आहे, दोन दिवस गाडीत बसायचं. तिथं चालणंही भरपूर. येणार?"

आता मी काय म्हणणार? पोरगा, सून, चार माणसं बसलेली. तोंड वर करून 'हो येणार' म्हणू? माझ्या बापानं शिकवलं नाही ते.

"छे रे," मी म्हणालो. "मी म्हातारा माणूस. मला कुठं ओढता. तुम्ही जा मजेत."

आणि पोह्यांत चमचा घातला, पुढच्या विचारण्याची वाट बघत.

"आल्झो, तर मग," हरीश म्हणाला, लॅपटॉपवर टक टक केलं, "बाबा नाही. प्रसन्न, मग नऊ सीटची गाडी कशाला? सातची पुरते."

टेबलाखालून यमुनेनं माझ्या नडगीवर लाथ मारली. मला मारून काय उपयोग.

ऊर्मिलेनं मान वर केली. मोठ्या घरची पोर, कळलं तिला. "अहो भावजी, काकांना नीट विचारा की."

"विचारलं ना वहिनी. नको म्हणाले. इथं कसं आहे, माणूस बोलला तेच खरं धरायचं. उगाच त्याच्या पोटात शिरून बघायचं नाही."

प्रसन्न हसला. "हो, हो, बरोबर आहे. पहिल्या वर्षी ऑफिसात वाढदिवसाच्या केकला मी एकदा नको म्हटलं. वर्षभर मला कुणी केक विचारला नाही. समोर बसून खायचे साले."

सगळे हसले. मीही हसलो. चांगला मोठ्यानं हसलो.

पुढं महिनाभर मी काय काय केलं ते सांगायला लाज वाटते. रोज स्टेशनपर्यंत दोन फेऱ्या मारायचो. घरात आलो की हरीशला ऐकू जाईल असं म्हणायचो, "आज गुडघा बोललाच नाही." हरीश म्हणायचा, "सुपर, बाबा." एकदा म्हणालो, "पुण्याहून कोल्हापूरला एसटीत बसून गेलो, पाठ अशी ताठ." तो म्हणाला, "हो, तुमची तब्येत छानच आहे." माणूस दगडाशी बोलला तर दगडही एकदा विचारेल, का रे बाबा सांगतोयस हे मला.

ईप्सिता तेवढी बापाच्या मागं लागायची. जर्मनमध्ये काहीतरी म्हणायची. सुरेखानं मला हसत सांगितलं, "म्हणते, पपा, तू परत विचार, तीनदा विचारायचं असतं." आणि हरीश म्हणायचा, "नाईन." म्हणजे नाही.

पोरीनं तर धरूनच ठेवलं होतं की आजोबा येणार. तिनं मोठ्या कागदावर पार्कचा नकाशा काढला. घरच्यांसाठी अक्षरांचा, आणि माझ्यासाठी वेगळा, नुसत्या चित्रांचा. रथाच्या जागी घोडा. गरुडाच्या जागी गरुड. संडासाच्या जागी खाली बसलेला माणूस, त्याला माझ्यासारख्या मिशा. प्रत्येक ठिकाणी घड्याळ, काटे बरोबर दाखवलेले. सगळ्या चित्रांत दोघंजण हात धरून, एक लांब, एक छोटं. मला जर्मन वाचता येत नाही म्हणून एवढं. इंजिनियर बापाला तक्त्यात जे सुचलं नाही ते.

निघायला आठवडा राहिला. शनिवारची दुपार, सगळे जेवायला बसलेले, रेगेन्सबर्गवालेही आले होते. आदल्या दिवशी यमुनेनं मला धरलं होतं. "तोंड उघडा. नाहीतर परत पुण्याला जाऊन मला आयुष्यभर ऐकवाल." म्हणून मी आमटी ओरपता ओरपता, सहज म्हटल्यासारखं म्हणालो, "हरीश, मी काय म्हणत होतो. गुडघा आता बरा आहे. एखादी जागा असेल तर..."

हरीशनं घास खाली ठेवला.

"बाबा, गाडी सातची घेतलीय. आपण सात आहोत. आई, मी, सुरेखा, ईप्सिता, हे तिघं. जर्मनीत आठवा माणूस मांडीवर बसवत नाहीत. हॉटेल, तिकिटं, सगळं सातचं. आता काही मिळत नाही, सीझन आहे."

"बरं बरं. राहू दे. मी आपलं सहज..."

"सहज नाही!" तो एकदम ओरडला. ध्रुव दचकला. "विचारलं तेव्हा का नाही बोललात? मी विचारलं होतं. लिहून ठेवलंय. सगळ्यांसमोर नको म्हणालात!"

"अरे, पहिल्यांदा कुणी..."

"पहिल्यांदा काय? किती वेळा विचारायचं? तुमचं नको म्हणजे हो, बरं म्हणजे नाही. लहानपणापासून मी ओळखत बसलोय. आणि मी एकदा हो म्हणालो तर काय केलंत? सांगू सगळ्यांना?"

मी खाली बघितलं. मला माहीत होतं तो काय सांगणार.

"नऊ वर्षांचा होतो मी," हरीश प्रसन्नला सांगायला लागला, पण बघत होता माझ्याकडं. "बाबांचा डबा घेऊन गेलो होतो रायडिंग स्कूलवर. तिथले साहेब घोड्यावरून उतरले आणि मला म्हणाले, बसतोस का रे? मी म्हणालो, हो! साहेबांनी मला उचललंसुद्धा. यांनी हात जोडून खाली उतरवलं, म्हणाले, नको साहेब, पोराला अक्कल नाही. आणि घरी आल्यावर पट्ट्यानं. घोड्याच्या पट्ट्यानं. एकदा विचारलं की हो म्हणतात काय भिकारड्या, म्हणून. पुढच्या महिन्यात साहेबांनी परत विचारलं. मी म्हणालो, नको. ते म्हणाले, शहाणा मुलगा आहे. झालं. परत कुणी विचारलं नाही. घोडेवाल्याचा पोरगा मी, आजपर्यंत घोड्यावर बसलेलो नाही."

खरं होतं सगळं. पट्टा खोगिराचा होता, एवढीच दुरुस्ती. ती मी केली नाही.

कुणी जेवेना. सुरेखा पाणी घालत होती आणि पेला भरून सांडत होता. तेवढ्यात ईप्सिता खुर्चीवरून उतरली, माझ्या बाजूला आली. आणि मराठीत बोलली. मुद्दाम मराठीत, एकेक शब्द वेचून.

"आजोबा, तू जा. माझी जागा घे. मी राहते."

मी तिच्याकडं बघितलं. तिच्या ओठाचा कोपरा हलत होता. नाक जरा वर. डोळ्यांत हसू नुसतं दाबून धरलेलं. ती जिन्यावरची ईप्सिता होती, बिस्किट पुढं करणारी. घरात भांडण पेटलं होतं आणि पोरीनं ते विझवायला आमचा खेळ काढला होता. मी नको म्हणायचं. ती म्हणणार, जा ना. मी नको म्हणायचं. मग सगळे हसणार, हरीशही हसणार, आणि आमटी गरम करून परत वाढणार.

मला हे सगळं कळलं. कळलं नाही असं मी सांगू शकलो असतो, तुम्हाला काय कळणार होतं. पण कळलं.

माझ्या डोळ्यांसमोर ते चार घोडे होते, एका ओळीत. वय माझं सहासष्ट. परत कोण मला फ्रान्सला नेतंय. आणि दुसरं, ते जास्त वाईट आहे. मला हरीशला दाखवायचं होतं. म्हटलं, घे, तुझ्या पद्धतीनं घे. बोलला तेच खरं ना?

"बरं," मी म्हणालो.

पोरीचा ओठ तसाच राहिला, अर्धा हललेला. मला वाटतं ती पुढचं वाक्य घेऊन तयार होती, आणि ते ठेवायला जागा सापडेना.

"बाबा," सुरेखा म्हणाली, "अहो, काहीतरीच काय. लहान आहे ती, बोलून गेली."

"नाही," हरीश म्हणाला. आता तो ओरडत नव्हता. त्याला इतक्या थंड आवाजात बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "ती बोलली. बाबा हो म्हणाले. फेर्टिश. विषय संपला."

"हरीश, अरे तिनं सगळा नकाशा..."

"मग बाबांनी नको म्हणावं. बाबा, मी परत विचारतो. तुम्हाला दोनदा विचारलेलं आवडतं ना? ईप्सिताची जागा घेऊन तुम्ही जाणार?"

महिनाभर ज्या दुसऱ्या विचारण्यासाठी मी स्टेशनच्या फेऱ्या मारल्या, ते हे असं आलं. सगळे माझ्याकडं बघत होते. ऊर्मिला तर डोळ्यांनी हात जोडत होती. एक शब्द होता. सहासष्ट वर्षं तोच शब्द माझ्या तोंडातून आपोआप पडत आला, चहाला, लाडवाला, खुर्चीला. त्या दिवशी पडला नाही.

"एकदा बोललो ते बोललो," मी म्हणालो.

यमुना उठली आणि भांडी गोळा करायला लागली. लोकांची जेवणं व्हायची होती तरी.

ईप्सिता रडली नाही. रडली असती तर मी बदललो असतो, असं मला वाटतं. माहीत नाही.

सुरेखानं धाकट्या बहिणीला, स्वरूपाला, बोलावून घेतलं. ती ब्राउनश्वाइगला पीएच.डी. करत होती. चार दिवस लॅपटॉप घेऊन येऊन राहिली. सुरेखा म्हणाली, मीच राहते मागं, पोरीला न्या. हरीश म्हणाला, तिनं तिची जागा दिलीय, तुझी नाही. आमच्या घरात घोड्याच्या तोंडात लगामाचं लोखंड घालायची कला माझ्याकडं होती. पोरगं ती घेऊन गेलंय हे मला तिकडं जाऊन कळलं.

पहाटे निघालो. ईप्सिता नाइट ड्रेसवर दारात उभी. माझ्या हातात तिनं घडी केलेला कागद दिला.

"हा तुला वाचता येईल," ती म्हणाली. मराठीत.

मी म्हणालो, "तुला काय आणू?"

"निश्ट्स," ती म्हणाली. काही नाही. आणि आत गेली.

आता तुम्हाला वाटेल, मला तिथं काही गोड लागलं नसेल. तसं सांगितलं तर चांगलं वाटेल ना ऐकायला? खोटं आहे. मला फार गोड लागलं.

त्या मैदानात दगडी पायऱ्यांवर बसलो. तुताऱ्या वाजल्या, आणि दारातून घोडे आले. पांढरे, काळे, एक बांडा, अंगावर पांढरे पट्टे असलेला. चारही एका श्वासात. वळणावर आतला घोडा आखडून घेतो आणि बाहेरचा लांब पडतो, बघितलंय कधी? नसेल. ते घोडे वळणावर असे वळले जसा हात फिरवून पंखा उघडावा. मी उभा राहिलो. मागचे लोक काहीतरी ओरडले, बसा म्हणत असतील. मी रडत होतो. नकाशा खिशात होता. मी तो उघडलासुद्धा नाही, कारण हरीश घड्याळ लावून नेत होता. सव्वा तास मला ईप्सिता नावाची नात आहे हे आठवलं नाही. ते अंगावर घेऊन सांगतोय.

खेळ संपल्यावर मी वासानं वासानं मागच्या बाजूला गेलो. कुंपणापलीकडं एक जाडजूड बाई बादल्या धूत होती, पन्नाशीची, हात माझ्यासारखे. मी बांड्या घोड्याच्या मागच्या पायाकडं बोट केलं. तो टाच उचलून उभा होता. तिनं बघितलं, पाय हातात घेतला. नाल ढिली. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला भाषा लागली नाही. नाल काढली, दुसरी ठोकली, आणि जुनी माझ्यापुढं धरली.

मी म्हणालो, "नको, नको."

तिनं परत धरली. मी नको. तिनं माझा हात पकडून त्यात कोंबली. बघा, फ्रान्समधली बाई. नाव गाव माहीत नाही. ती तीनदा विचारते.

परत आलो तर यमुना पायरीवर ध्रुवला घेऊन बसलेली, मैदानाकडं पाठ करून. तिनं पूर्ण खेळ तसाच पाठ फिरवून काढला होता.

"झालं समाधान?" ती म्हणाली. "आता त्या पोरीला तोंड दाखवा."

घरी आलो तेव्हा ईप्सिता आणि स्वरूपा टेबलावर सफरचंद कापत होत्या. सुरेखानं पोरीला कवटाळलं, पोरीनं कवटाळू दिलं. मी तिच्यासमोर बसलो. घोडे सांगायला लागलो. वळण सांगितलं, दोन पाठींवरची बाई सांगितली. ती ऐकत होती, बँकेतला माणूस ऐकतो तसं. मध्ये मध्ये म्हणायची, "श्योन." छान.

मग मी नाल काढली. घासून घासून लख्ख केली होती, गाडीत हजार किलोमीटर तेच करत होतो.

"ही तुला. खऱ्या रथाच्या घोड्याची."

"नको," ती म्हणाली.

माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, चला, एक झालं.

"घे ग."

"नको."

"माझ्यासाठी घे." तिसरं. मी नाल तिच्या हातापाशी नेली. झडपेची वाट बघत.

तिनं हात टेबलाखाली घेतले. "नको, आजोबा." नाक वर नव्हतं, ओठाचा कोपरा हलत नव्हता. तिला ती नाल नको होती, बस.

मी थांबायला हवं होतं. मी चौथ्यांदा म्हणालो, पाचव्यांदा म्हणालो. अगं घे, अगं माझी शपथ, अगं बघ तरी. हातात कोंबायला गेलो.

"बाबा," हरीश बॅग उतरवता उतरवता म्हणाला, "ती नको म्हणाली."

जिना झाडायची पाळी परत आली, मी एकट्यानं झाडला. वरच्या पायरीपासून खालपर्यंत. कुणी बसलेलं नसलं की लवकर होतो.

सप्टेंबरात निघालो. विमानतळावर ईप्सिता आली होती. मी वाकलो, तिनं हात पुढं केला. हातात हात घेतला, हलवला, मोठ्या माणसासारखा. "च्यूस, आजोबा." चांगली पोर आहे. वाईट काही बोलली नाही. कधीच बोलली नाही.

नाल मी हातातल्या पिशवीत ठेवली होती, मोठ्या बॅगेत ठेवायला मन झालं नाही. आत तपासणीला पिशवी गेली आणि मशीन थांबलं. तिथल्या साहेबानं नाल बाहेर काढली, तळहातावर तोलली. तरुण माणूस, चांगला होता. मोठ्या बॅगा ठेवतात तिकडं एक बोट केलं, बाजूच्या पिंपाकडं दुसरं बोट केलं, आणि भुवया वर केल्या. अजून वेळ होता. मागं जाऊन ती सामानात देता आली असती, तो तेच विचारत होता.

मागं रांग थांबलेली. सगळे माझ्याकडं बघणारे.

"राहू दे साहेब, राहू दे," मी हात हलवला. "कशाला तुम्हाला त्रास."

आणि उभा राहिलो, त्यानं परत विचारायची वाट बघत.

त्यानं मान हलवली आणि नाल पिंपात टाकली. खण्णकन वाजली. आतमध्ये पाण्याच्या बाटल्या होत्या, कात्र्या होत्या, त्यांच्यावर पडली असेल. यमुना मागून म्हणाली, "चला, बूट घाला."